शकुंतला रेल्वे (मूर्तिजापूर–अचलपूर): गाडीतलाच माणूस उतरून फाटक लावायचा, हे खरं का?

पथ्रोटचा नातू

माझी आजी पथ्रोटची. गुडघ्यांमुळे आता पुण्यात आमच्याकडे असते. परवा जेवताना शकुंतलेचा विषय निघाला. आजी म्हणाली, रस्ता आला की गाडी थांबायची, गाडीतलाच एक माणूस उतरून फाटक लावायचा, गाडी पलीकडे गेली की पुन्हा थांबायची, मग तोच माणूस फाटक उघडून परत गाडीत चढायचा. माझे आतेभाऊ हसून लोळले. आजी रागावली आणि ताटावरून उठली.

मी लहानपणी एकदाच त्या गाडीत बसलो. एवढंच आठवतं की खिडकीतून पऱ्हाटीची बोंडं हाताला लागतील असं वाटत होतं. फाटकाचं काही आठवत नाही. कोणाला नक्की माहीत आहे का? आणि ७६ किलोमीटरला चार तास का लागायचे? ही लाईन अजून इंग्रजांच्या मालकीची आहे म्हणतात, ते काय प्रकरण आहे?

बडनेरा जंक्शन

तिसऱ्याचं उत्तर सोपं आहे. हो, ब्रिटिश कंपनीचीच. दरवर्षी भाड्याचे कोट्यवधी रुपये लंडनला जात होते. सगळ्या पेपरांत आलंय.

निवृत्त गार्ड, मूर्तिजापूर

होय बाप्पा, आजी खरं सांगते. तिला आधी जेवायला बसव.

मी या लाईनवर १९८६ ला लागलो, गार्ड म्हणूनच रिटायर झालो. मी लागलो तेव्हा काही फाटकांवर माणूस होता. मग जो रिटायर होईल त्याची जागा भरणं बंद झालं. स्टेशन मास्तर गेले, रूळ बदलणारे पॉइंटवाले गेले, फाटकवाले गेले. शेवटी शेवटी सारी गाडी आम्ही सात जण चालवायचो. ड्रायव्हर, गार्ड, खलाशी, जो मोकळा असेल तो काम करे. मी गार्डही होतो अन् तिकीटबाबूही. लाखपुरीला उतरायचं, खिडकीत उभं राहून तिकिटं द्यायची, पैसे पिशवीत, पिशवी डब्यात, मग झेंडी.

आता फाटक. रस्त्याच्या आधी गाडी उभी करायची. इंजिनावरला माणूस उतरून दोन्ही बाजूंचं फाटक लावे. बैलगाडी, फटफटी, शाळेचे पोट्टे थांबले की तो हात करे. गाडी सावकाश पार करायची अन् शेवटचा डबा ओलांडला की पुन्हा उभी. तो फाटक उघडून मागे माझ्या डब्यात चढे. आता तो मागे अन् पुढचं फाटक इंजिनापुढे! म्हणून मधल्या स्टेशनवर उतरून, साऱ्या गाडीच्या कडेनं चालत, पुन्हा इंजिनावर जायचा. पाचच डबे, फार चालणं नाही, पण भर उन्हात दिवसभर तेच. आतेभावांना सांग, हसू नका, एकदा मे महिन्यात करून पाहा.

चार तास काहून लागत, तर फाटकं हे एक कारण. दुसरं आमची माती. ही लाईन काळ्या मातीत आहे. उन्हाळ्यात वावरात पाय जाईल एवढ्या भेगा पडतात, पावसाळ्यात तीच माती फुगते. जमीन अशी श्वास घेते तर रूळ सरळ कसे राहतील? मोठ्या लाईनला खडी घालून आवरता येतं, आमच्याकडे किती ठिकाणी खडी गवताखाली होती ते देव जाणे. रूळही हलके. वेग वाढवला की डबा डुलायला लागे. ड्रायव्हर जुना असला की त्याला मीटर पाहावं लागत नसे, सीटखाली काय होतं त्यावरून कळे. पाऊस जोरात असला की पुलाजवळ उतरून पाणी पाहायचं, मग गाडी काढायची. लाखपुरीजवळ पूर्णा आहे, तिच्याशी मस्करी नाही.

समोरून दुसरी गाडी आली तर, असं नवे लोक विचारत. येणार कोठून? लाईनवर गाडी एकच. सकाळी मूर्तिजापूरहून निघाली की तीच अचलपूरला जाणार, तीच परत येणार. तिथं इंजिन सोडायचं, बाजूच्या रुळावरून फिरवून दुसऱ्या टोकाला जोडायचं. पॉइंट हातानंच फिरवायचा, कुलूपकिल्ली आपल्याच खिशात. काही ठिकाणी सिग्नलच्या सामानावर लिव्हरपूल १८९५ अशी अक्षरं होती. पाहायला लोक येत, फोटो काढत. कामाला कितपत येत होतं, ते मी बोलत नाही.

कोळशाचं इंजिन मी आठ वर्षं पाहिलं. १९२१ साली मँचेस्टरला झालेलं, इथं १९२३ पासून चाललं. १५ एप्रिल १९९४ ला ते थांबलं अन् डिझेल आलं. डिझेल बरं, खोटं काहून बोलू. पाणी भरायचं काम गेलं, डोळ्यात किटाळ जाणं गेलं. फक्त एक झालं, वाफेच्या इंजिनाची शिटी दोन कोस ऐकू जायची. ती ऐकून लोक घरून निघत. डिझेलच्या भोंग्यावर निघाले की गाडी चुकायची, मग आम्हालाच थांबावं लागे.

बडनेरा जंक्शन यांना: भाऊ, पेपरात आलं म्हणून सारं खरं नसतं. लाईन सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीची, अन् तिचा कारभार किलिक निक्सनकडे. ही पेढी मुंबईची, १८५७ पासूनची. सुरू केली इंग्रजांनी, पण स्वातंत्र्यानंतर ती भारतीयांच्या हातात आली. रूळ कंपनीचे अन् गाडी आमच्या रेल्वेची, असा करार होता. त्या हिशोबात कंपनीला पैसे द्यायचे की नाही यावरून वर्षानुवर्षं भांडण चाललं, ते खरं. राणीला मनिऑर्डर जात होती, ही गोष्ट मात्र चहाच्या टपरीवरली. बार्शी लाईट रेल्वे, आमच्यासारखीच छोटी लाईन, ती सरकारनं १९५४ ला विकत घेतली. आमची तशी घेतली नाही, म्हणून ही अशी त्रिशंकू राहिली.

अंजनगावकर

काकांनी सगळं सांगितलंच आहे, मी फक्त कापसाचं लिहितो. लोकांना वाटतं लाईन प्रवाशांसाठी काढली. नाही. भुसावळ–नागपूर मोठी लाईन १८६७ ला झाली आणि वऱ्हाडातला कापूस मुंबईला जाऊ लागला. पण शेतातून मोठ्या लाईनपर्यंत बैलगाडी. म्हणून जलंब–खामगाव आणि बडनेरा–अमरावती हे फाटे १८७० च्या आसपासच टाकले. दर्यापूर, अंजनगाव, अचलपूर मात्र मागे राहिले. आमच्याकडे रूळ आले ते विसाव्या शतकात, तेही अडीच फूट रुंदीच्या छोट्या लाईनचे. मूर्तिजापूरला गाठी छोट्या डब्यातून मोठ्या डब्यात हमाल टाकायचे. ते कष्ट आणि खर्च बघता ट्रक आल्यावर कापूस रुळावर का थांबेल? माल गेला आणि गाडी उरली ती माणसांसाठी. एसटीपेक्षा पुष्कळ स्वस्त, म्हणून मजूर आणि म्हाताऱ्या माणसांची.

२०१६ ला सुरेश प्रभू रेल्वेमंत्री असताना ब्रॉडगेजसाठी १५०० कोटींची घोषणा झाली. आता गाडी बंद आहे. बनोसा स्टेशनवरून जाताना मान वळवत नाही मी.

पथ्रोटचा नातू

काका, सगळं आजीला वाचून दाखवलं. "राणीला मनिऑर्डर" ऐकून जोरात हसली. आतेभावांनी व्हिडिओ कॉलवर माफी मागितली. तिनं तुम्हाला एक विचारायला सांगितलंय: अंजनगावहून पानाच्या टोपल्या घेऊन बायका चढायच्या, तेव्हा गाडी खरंच टोपल्या मोजून निघायची का? तिचं म्हणणं, तिच्या मावशीची एक टोपली एकदा फलाटावर राहिली होती.

निवृत्त गार्ड, मूर्तिजापूर

मोजत नव्हतो. बायकाच ओरडून सांगत, झालं म्हणून. टोपलीवर ओलं फडकं असे, ते निथळून डबा ओला होई, मग बाकीचे प्रवासी माझ्याशी भांडत. राहिलेली टोपली दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं पाठवायचो, पण विड्याचं पान ते, दुसऱ्या दिवशी पिवळं पडायचं. मावशीची टोपली माझ्या काळातली असेल तर तिला माझ्याकडून सॉरी सांग.