अ‍ॅथलेटिक ट्रेनरची नोकरी: गुणांवर की मैदानावरच्या कामावर?

फातोर्डेकर
अ‍ॅथलेटिक ट्रेनिंग (खेळाडूंच्या दुखापती टाळणे आणि झाल्यास मैदानावरच उपचार करणे) किंवा क्रीडा फिजिओथेरपीची पदवी घेऊन गोव्यात परतणाऱ्या मुलांना नोकरी देताना परीक्षेतील गुणांना किती वजन द्यावे, यावर आमच्या क्लबात मतभेद आहेत. माझ्या मते गुणांनाच पहिले स्थान हवे. मैदानावर पडलेल्या खेळाडूची मान हलवायची की नाही, हे ठरवायला शरीररचनाशास्त्र पक्के असावे लागते. अमेरिकेत अ‍ॅथलेटिक ट्रेनिंग हा स्वतंत्र आरोग्य व्यवसाय आहे. तेथील वैद्यकीय संघटनेने त्याला 1990 मध्ये मान्यता दिली, आणि मान्यताप्राप्त अभ्यासक्रमानंतर प्रमाणन परीक्षा उत्तीर्ण झाल्याखेरीज तेथे प्रमाणित ट्रेनर होता येत नाही. आपल्याकडे या पेशासाठी तशी वेगळी परीक्षा नसल्याने पदवीचे गुण हाच काय तो पुरावा उरतो. शिवाय गोव्यासारख्या लहान राज्यात, जेथे प्रत्येक जण कोणाच्या तरी ओळखीचा निघतो, तेथे गुण बाजूला ठेवले की वशिला पुढे येतो. सत्तरी तालुक्यातल्या ज्या मुलीच्या घरचे कोणी क्लबात नाही, तिला आधार गुणपत्रिकेचाच.

म्हापशाचा प्रशिक्षक
सर, वशिल्याबद्दल आपण म्हणता ते खरे आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष मला पटत नाही. आपली मुले शिकायला बेळगाव, मणिपाल, पुणे, ग्वाल्हेर अशा वेगवेगळ्या ठिकाणी जातात. प्रत्येक विद्यापीठाची गुण देण्याची रीत निराळी असताना त्यांच्या टक्क्यांची तुलना कशी करणार? आणि हे काम हातांचे आहे. घोट्याला आधाराची चिकट टेप बांधताना पाऊल पोटरीशी काटकोनात धरावे लागते, टेपला सुरकुती राहिली तर तेथे कातडी सोलवटते, आणि बांधून झाल्यावर अंगठ्याचे नख दाबून सोडले की रंग लगेच परतला पाहिजे. नाही परतला, तर रक्तपुरवठा अडला आहे असे समजून टेप कापावी लागते. हे पेपरात बिनचूक लिहिणारे पुष्कळ, पण मध्यंतराच्या 15 मिनिटांत घामाने भिजलेल्या पायावर करून दाखवणारे थोडे.

फातोर्डेकर
टेपचे उदाहरण योग्य आहे. तरीही 2004 चा डिसेंबर आठवा. बंगळुरूत फेडरेशन चषक फुटबॉलच्या अंतिम सामन्यात गोव्याच्या धेंपो क्लबचा ब्राझिलियन खेळाडू क्रिस्तियानो ज्युनियर गोलरक्षकाशी धडकून कोसळला आणि त्याचा मृत्यू झाला. हृदय बंद पडल्यावर छातीवर दाब न देता गेलेल्या प्रत्येक मिनिटाला वाचण्याची शक्यता साधारण 7 ते 10 टक्क्यांनी घटते. त्या क्षणी ज्ञान आणि हात दोन्ही लागतात, आणि ज्ञान कच्चे असेल तर हात चुकीच्या दिशेने जातात. गुणांचा कामाशी संबंध दिसत नाही असे म्हणणारे बहुधा निवडले गेलेल्यांकडेच पाहतात. कमी गुणांची मुले मुलाखतीआधीच गळालेली असतात, मग उरलेल्यांत फरक दिसणार कसा?

पणजीची फिजिओ
आपण दोघेही नोकरी आहे असे धरून बोलत आहात, त्याचे मला वाईट वाटते. येथील फुटबॉल क्लब बहुधा हंगामापुरता करार करतात, आणि पाऊस सुरू झाला की मुले मोकळी होतात. वर्गात पहिली येणारी मुलगी मग रुग्णालयात जाते किंवा जिममध्ये लागते, आणि कॉलेजच्या नोंदीत तिच्या नावापुढेही ‘नोकरी लागली’ असेच लिहिले जाते. त्या नोंदीवरून गुणांबद्दल काही सिद्ध होईल, असे मला वाटत नाही. 2023 च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा गोव्यात झाल्या, आपल्याकडे चांगली मैदाने आहेत, पण आंतरशालेय सामन्यात मूल पडले तर आजही शारीरिक शिक्षणाचे शिक्षकच धावतात, आणि तेच बिचारे पंचही असतात.

म्हापशाचा प्रशिक्षक
ताईंचे म्हणणे मूळ प्रश्नाच्या आधी यायला हवे होते. बाराही तालुक्यांत शालेय स्पर्धांसाठी वर्षभराच्या पगाराचे निदान एकेक पद असावे, अशी मागणी आपण मिळून करू. निवडीत लेखी परीक्षा सर्वांना एकच असू द्या. फातोर्डेकर सरांसाठी तेवढे मी मान्य करतो. पण प्रात्यक्षिक बाहेरच्या परीक्षकांसमोर, चित्रीकरणासह व्हावे, आणि त्यात नापास झालेल्याला लेखी गुण कितीही असले तरी घेऊ नये.

फातोर्डेकर
बाहेरचे परीक्षक आणि चित्रीकरण असेल तर वशिल्याची माझी हरकत राहत नाही. लेखी परीक्षेतही किमान गुणांची अट मात्र हवीच. ती मी सोडणार नाही.