रात्रीच्या फोटोत आकाशात हिरवे ठिपके येतात, हूड घेऊ का?

सागरवेडा:
नरिमन पॉइंटच्या टोकावरून मरीन ड्राइव्हचे फोटो काढतोय. १८-५५ किट लेन्स, ट्रायपॉड, एफ ११, दहा सेकंद. दिव्यांची माळ मस्त येते, पण वर काळ्या आकाशात हिरवट ठिपक्यांची अजून एक माळ दिसते, उलटी. लेन्सवर साधा यूव्ही फिल्टर आहे. दुकानदार हूड (लेन्सच्या तोंडावर बसणारी, बाजूचा प्रकाश अडवणारी कड) घ्या म्हणतो. घ्यावं का, की लेन्सच बदलू? बजेट दोन-तीन हजार.

निशाचर:
तूर्तास काहीच घेऊ नका, आधी फिल्टर काढा. हे घोस्टिंग आहे. सेन्सरवरून परतलेला प्रकाश फिल्टरच्या सपाट काचेवर आपटून पुन्हा आत येतो. खात्री करायची तर फोटोच्या बरोब्बर मध्यातून रेघ ओढून बघा: डावीकडे खाली दिवा असेल तर त्याचा ठिपका उजवीकडे वर, तेवढ्याच अंतरावर सापडेल. असं जुळलं की दोष जवळजवळ नक्की फिल्टरचाच.

खारावारा:
सहमत, पण तिथे लाटांचे तुषार उडतात हो, त्यामुळे फिल्टर कायमचा काढा असं मी म्हणणार नाही. फ्रेम लावेपर्यंत राहू द्या, शटर दाबण्याआधी काढा. पुढे कधी नवा घ्यालच तर मल्टीकोटेड, म्हणजे काचेवर परावर्तन कमी करणारे पातळ थर दिलेला घ्या. कोटिंग नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून साधारण ४ टक्के प्रकाश परततो, चांगल्या कोटिंगमुळे तो अर्ध्या टक्क्याच्याही खाली येतो. तरीही काळ्या आकाशासमोर तेवढासुद्धा दिसतो, म्हणून रात्री काढलेलाच बरा.

निशाचर:
हूडचं राहिलं. दिवे फ्रेममध्येच असतील तर हूड काही करू शकत नाही. पण डोक्यावरचा पथदिवा फ्रेमच्या जरा बाहेर असेल आणि सगळा फोटो धुरकट, फिका येत असेल, तर त्या फ्लेअरला हूड हवाच. नसेल तर काळा पुठ्ठा धरा, फक्त लेन्सला धक्का लागू देऊ नका. आणि पुढची काच मायक्रोफायबरने पुसा. बोटाचा एक तेलकट ठसासुद्धा प्रत्येक दिव्याभोवती धुकं पसरवतो.

सागरवेडा:
रेघ ओढून पाहिली, तंतोतंत जुळतंय! आधीच्या फोटोंचं काही होईल का?

खारावारा:
आकाशातले ठिपके फोटो एडिटरमधल्या हीलिंग ब्रशने (डाग बुजवायचं साधन) सहज जातील. पाण्यातल्या प्रतिबिंबांवर पडलेत ते मात्र अवघड, ती फ्रेम पुन्हा काढा.