पीएलसीच्या आधी कॉन्टॅक्टर शिका की

एकाने विचारलंय की भावाला बारावीनंतर ३ महिन्यांचा पीएलसी (कारखान्यातली मशीन चालवणारा, प्रोग्रॅम करायचा कंट्रोलर) कोर्स लावला तर मेंटेनन्समध्ये नोकरी लागेल का. लागेलही, पण रात्रपाळीला मोटर बंद पडली की पोरगं लॅपटॉप उघडून बसणार आणि फॉल्ट निघणार साध्या कॉन्टॅक्टरमध्ये (मोटरची वीज जोडणारा-तोडणारा, कॉइलवर चालणारा स्विच), हे कायमचंच आहे. स्टार-डेल्टा स्टार्टर घ्या, म्हणजे मोटर आधी कमी व्होल्टेजवर (स्टार) सुरू करून मग पूर्ण व्होल्टेजवर (डेल्टा) नेणारा; मोटर स्टारमध्ये उचलते पण डेल्टा ओढत नाही, मग टायमर बघायचा, स्टार कॉन्टॅक्टरचा एनसी इंटरलॉक (स्टार सुटल्याशिवाय डेल्टा लागू न देणारा कॉन्टॅक्ट) बघायचा, डेल्टाच्या कॉइलला व्होल्टेज येतंय का बघायचं, हा क्रम हातात बसलेला पाहिजे. बेअरिंगचंही तेच, शाफ्टवर बसवताना जोर आतल्या रिंगवर द्यायचा सोडून बाहेरच्या रिंगवर हातोडा मारणारे डिप्लोमावाले बघितलेत मी 😄

जमत असेल तर २ वर्षांचा आयटीआय फिटर किंवा इलेक्ट्रिशियन आणि मग अप्रेंटिसशिप, शॉर्ट कोर्स त्याच्यावर. वेळच नसेल तर संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूमसारख्या सरकारी ठिकाणचे कोर्स आधी बघा. खाजगी क्लास असेल तर फी भरायच्या आधी लॅबमध्ये जाऊन एकच विचारा, पॅनलचं वायरिंग प्रत्येक पोरगं स्वतः करतं का सर करतात आणि बाकीचे व्हिडिओ काढतात?