शब्दचर्चा: 'संदिग्ध' म्हणजे नक्की काय? (दिवा आणि दिवाणाचा घोळ)

कंदील:
आम्ही चारपाच जण मिळून एक मराठी मड चालवतो, म्हणजे सगळं टाइप करून अनेकांनी एकाच वेळी खेळायचा गेम, १९७८ ला एसेक्स विद्यापीठात सुरू झाला तोच प्रकार. 'उचल दिवा' लिहिलं की सर्व्हर खोलीतल्या वस्तूंची नावं जुळवून बघतो, दोन जुळल्या तर आमचा मेसेज यायचा "संदिग्ध नाव". परवा इंदूरकडचा एक खेळाडू चिडला, म्हणे माझ्यावर संशय कसला घेताय? हिंदीत संदिग्ध म्हणजे संशयित, हे माहीत असून डोक्यात आलं नाही. बग निघाला वेगळाच. खोलीत दिवा होता आणि दिवाणही, आणि आमचा कोड नुसती सुरुवात जुळली तरी पूर्ण नाव जुळल्यासारखंच धरायचा, त्यामुळे तिथला दिवा कधीच कुणाला उचलता आला नाही. आता आधी पूर्ण नाव बघतो, मग अर्धवट. पण खरंच दोन दिवे असतील तर काय लिहायचं? संदिग्ध, मोघम, द्व्यर्थी?

जुनंपान:
संदिग्धच ठेवा. हिंदीत अर्थ सरकला म्हणून आपण आपला शब्द का सोडायचा? 'दिह्' म्हणजे माखणे, लिंपणे. संदिग्ध म्हणजे कडा माखून गेलेलं, स्पष्ट न दिसणारं. इतका नेमका शब्द दुसरा नाही.

माळावरची:
शब्द छानच आहे, पण बोलतं कोण तसं? आमच्या गावात तीन तात्या होते, लोक सरळ विचारायचे, "कुठला तात्या, गिरणीवाला का माळावरचा?" फार तर नावांची गल्लत म्हणा.

जुनंपान:
गल्लत अरबीतून आलेला. आणि त्यात चूक आली, इथे खेळाडूची चूक कुठे आहे?

माळावरची:
चुकीचं पटलं. अरबीचं नाही पटलं, तारीख पण तिकडचीच, दिनांक फॉर्मवर असतो पण आई अजून "आज तारीख काय" असंच विचारते.

वऱ्हाडकर:
माझं मत मोघमला. अमोघच्या उलट मोघ, त्यावरूनच आला असावा असं मला वाटतं.

चाळकरी:
व्युत्पत्ती असेल नसेल, अर्थ बसत नाही. मोघम बोलणारा बऱ्याचदा मुद्दाम तसं बोलतो. 'उचल दिवा' म्हणणाऱ्याच्या मनात एकच दिवा असतो, ऐकणाऱ्याला कळत नाही एवढंच. द्व्यर्थी तर नकोच, इथे अर्थ एक आणि वस्तू दोन. लॅम्डामू नावाचा असाच टाइप करून खेळायचा मड आहे, त्यात काहीच जुळलं नाही तर -३ आणि एकाहून जास्त जुळलं तर -२ असे वेगळे आकडे मिळतात, आणि खेळाडूला मेसेज जातो तो "तुम्ही कुठला म्हणताय ते मला कळलं नाही" अशा अर्थाचा. न कळण्याची जबाबदारी सर्व्हर स्वतःवर घेतो, नावाला विशेषण लावत नाही.

कंदील:
हे एकदम पटलं. "कुठला दिवा?" एवढंच विचारू. पण खेळाडूने उत्तर काय द्यायचं? डिकूमड या मडच्या दुसऱ्या प्रकारात '२.तलवार' असं लिहितात, म्हणजे दुसरी तलवार.

माळावरची:
दुसरा दिवा म्हणा की, दुसरे बाजीराव म्हणतोच ना.

वऱ्हाडकर:
पण त्यांच्या आजोबांना थोरले बाजीराव म्हणतो. आणि थोरले माधवराव म्हटलं तरी पुढचे धाकटे होत नाहीत, सवाई होतात. आपल्याकडे नंबरापेक्षा ओळख लावायची सवय जास्त. पितळी दिवा, कोनाड्यातला दिवा, असं घ्या.

जुनंपान:
आणि 'कुठला' नको. कुठला हा गावाचा प्रश्न, "तुम्ही कुठले?" वस्तूला कोणता.

माळावरची:
आमच्याकडे कुठला रंग, कुठली साडी असंच म्हणतात, आणि ते अशुद्ध आहे असं आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

जुनंपान:
चालतं आणि बरोबर यात फरक आहे.

कंदील:
आत्ताच अजून एक सापडलं. 'तेल दे दिव्याला' लिहिलं की तेल दिव्यात न पडता दिव्या नावाच्या खेळाडूच्या पिशवीत जातं. दिवाचं सामान्यरूप दिव्या, तिचं नावही दिव्या, पूर्ण नाव आधी बघायचं ठरवलं ना, म्हणून ती दरवेळी जिंकते. सकाळपासून तिच्याकडे अकरा बुधले जमलेत.

चाळकरी:
आता हे मात्र द्व्यर्थी.

जुनंपान:
संदिग्धच म्हणा.