मदत हवी आहे: सॅन हुआन बेटं, देवमासे आणि बोट लागणारी आई

नमस्कार मंडळी. आम्ही सिअ‍ॅटलजवळ राहतो. ऑगस्टमध्ये आई-बाबा येताहेत आणि बाबांनी पुण्यातूनच फर्मान काढलंय, "व्हेल दाखवायचा!"

बेत असा: पहाटे अ‍ॅनाकोर्टिसहून फेरीने सॅन हुआन बेटावरचं फ्रायडे हार्बर, तिथून गाइडसोबत तीन-चार तासांची बोट, संध्याकाळी परत. अडचण आईची. गेटवे ते मांडवा एवढ्या प्रवासातही तिला बोट लागते, शिवाय गुडघे दुखतात. मोठी बंद केबिनवाली बोट घ्यावी की लहान उघडी? लहान बोटीत पाण्याच्या जवळ बसता येतं म्हणे, पण धक्केही बसतच असणार.

दुसरं म्हणजे, इथल्या सॅमन मासे खाणाऱ्या सदर्न रेसिडेंट ऑर्कांपासून (म्हणजे किलर व्हेल) बोटींनी 1000 यार्ड लांब राहायचं, असा 2025 पासून नियम आहे. योग्यच आहे, मोजून सत्तरेक उरलेत बिचारे. सील खाणारे बिग्ज ऑर्का आणि हंपबॅक देवमासे यांना तो लागू नाही. मग प्रत्यक्षात काय दिसतं? ऑगस्टमध्ये गेलेल्यांनी कृपया सांगा.

की बोट सोडून त्याच बेटावरच्या लाइम किल्न पॉइंटच्या दीपगृहापाशी डबा घेऊन बसावं? तिथे किनाऱ्यावरूनही देवमासे दिसतात. बाबा दुर्बीण घेऊन दिवसभर बसतील, आई थालीपीठ खात त्यांना बोलत बसेल. पण काहीच नाही दिसलं तर वर्षभर मला ऐकावं लागेल!

बोट लागू नये म्हणून गोळी किती आधी घ्यायची ते डॉक्टरांना विचारेनच. बाकी ज्येष्ठांना घेऊन गेलेल्यांचे अनुभव हवेत.