नाताळ, गायनमंडळ आणि अंदमान : किशोरवयीन मुलांना घेऊन समुद्रकिनारी नेमके कधी जावे?

प्रश्न : घोडबंदरची आई

नमस्कार. आम्ही मूळचे वसईचे, पण बऱ्याच वर्षांपासून ठाण्यात घोडबंदर रोडला स्थायिक आहोत. घरात आम्ही दोघे, सासूबाई, अकरावीतली मुलगी आणि नववीतला मुलगा. पुढच्या वर्षी एकीची बारावी आणि दुसऱ्याची दहावी येणार असल्यामुळे त्याआधी सर्वांनी मिळून अंदमानला जाऊन यावे, असे यजमानांनी मनावर घेतले आहे. खर्चाची तजवीज झाली आहे, रजेचाही प्रश्न नाही. अडले आहे ते तारखांवर.

यजमानांना कार्यालयातून सलग रजा नाताळातच मिळते आणि मुलांच्या शाळा-महाविद्यालयांनाही तेव्हा सुट्टी असते. परंतु मुलगी आमच्या धर्मग्रामाच्या, म्हणजे आमच्या भागातल्या चर्चच्या, गायनमंडळात कीबोर्ड वाजवते. नोव्हेंबरपासून आठवड्यातून दोनदा सराव असतो आणि नाताळच्या मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेला, तिच्याशिवाय दुसरे कोणी वाजवणारे नाही. "तुम्ही जा, मी आजीबरोबर राहते," असे ती सरळ सांगते. मुलाचे नेमके उलटे आहे. त्याला समुद्रात डुबकी मारून प्रवाळ पाहायचे आहेत आणि "तिथे तरी रविवारी सकाळी उठवू नका," अशी त्याची आतापासूनच अट आहे. सासूबाईंना सहलीची हौस आहे, पण नाताळच्या दिवशी परक्या गावात, परक्या भाषेत मिस्सा ऐकण्याची कल्पना त्यांना सहन होत नाही. त्यातच यजमान आमच्या समूहाचे, म्हणजे शेजारपाजारच्या कॅथलिक कुटुंबांच्या गटाचे, काम पाहतात. इमारतींमधून नाताळगीते गात फिरायचे दिवस आले आणि हे घरीच नाहीत, तर लोक काय म्हणतील, हाही एक घोर आहेच.

दिवाळी, नाताळ आणि वार्षिक परीक्षेनंतरचा उन्हाळा, यांपैकी कोणता काळ धरावा? ज्यांनी एवढ्या वयाच्या मुलांना घेऊन असा प्रवास केला आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर : वाशीकर

आपण चर्चच्या दिनदर्शिकेचा विचार केलेला दिसतो. समुद्राचीही स्वतःची एक दिनदर्शिका असते, ती आधी सांगतो.

नैर्ऋत्य मोसमी पाऊस आपल्याकडे जूनमध्ये येतो, पण अंदमानात तो साधारण मेच्या तिसऱ्या आठवड्यातच पोहोचतो. आपल्याकडचा पाऊस परतला तरी तिथला संपत नाही, कारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात ईशान्य मोसमी पाऊस सुरू असतो आणि बंगालच्या उपसागरात चक्रीवादळे होण्याचाही तोच हंगाम आहे. २०२६ ची दिवाळी नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आहे. त्या दिवसांत जाऊच नये असे नाही, पण समुद्र खवळला की बेटांदरम्यानच्या बोटी रद्द होतात आणि मग विमान चुकण्याची वेळ येते. नाताळात हवा उत्तम असते, मात्र विमानभाडे आणि हॉटेलचे दर वर्षातील सर्वांत चढे असतात आणि स्वराज द्वीपवर, म्हणजे पूर्वीच्या हॅवलॉकवर, राधानगरच्या किनाऱ्याला जत्रेचे रूप येते. एप्रिलमध्ये ऊन कडक असले तरी समुद्र बहुधा शांत असतो आणि पाण्याखालचे स्वच्छ दिसते. आपल्या मुलाला प्रवाळच पाहायचे असतील, तर माझे मत एप्रिलच्या बाजूने आहे.

मुलांना एक गोष्ट आधीच सांगून ठेवावी. अंदमान आपल्यापेक्षा बरेच पूर्वेला आहे, पण घड्याळ भारतीय प्रमाणवेळेचेच चालते. त्यामुळे एप्रिलमध्ये तिथे पाचच्या सुमारास उजाडते आणि साडेपाचच्या आसपास सूर्य मावळतो. डिसेंबरात तर पाचलाच सूर्यास्त होतो. दहा वाजता उठून अकराला नाश्ता करणाऱ्या मुलाचा अर्धा दिवस तिथे झोपेतच जाईल. रविवारी न उठवण्याची अट त्याला स्वतःलाच महागात पडेल, कारण पाण्यात उतरवणाऱ्या बोटी सकाळीच निघतात.

स्कूबा डायव्हिंगची पहिली ओळख करून देणारी डुबकी दहा वर्षांवरील मुलांना घेता येते. प्रशिक्षक सतत बरोबर असतो, त्यामुळे पोहता येणेही आवश्यक नसते. अठरा वर्षांखालील मुलांच्या अर्जावर पालकांची सही लागते आणि प्रकृतीविषयीची प्रश्नावली भरावी लागते. दमा, कानाचे दुखणे किंवा सर्दी असेल तर ती लपवू नये. शेवटची डुबकी आणि परतीचे विमान यांत किमान अठरा तासांचे अंतर ठेवावे. म्हणून डायव्हिंग सहलीच्या मध्यावर आणि सेल्युलर जेल, संग्रहालये वगैरे शेवटी, असा क्रम लावणे सोयीचे.

उत्तर : धर्मशिक्षण वर्गाची शिक्षिका, ठाणे पूर्व

समुद्राविषयी वर चांगले लिहिले आहे, म्हणून मी फक्त चर्चच्या बाजूने लिहिते.

सर्वप्रथम आपल्या मुलीविषयी. आम्ही शिक्षक मंडळी मुलांना वर्षभर सांगत असतो की धर्मग्राम तुमचा आहे, त्यातली जबाबदारी उचला. एखादी सतरा वर्षांची मुलगी ती खरोखर उचलते आणि तिच्यावाचून गायनमंडळाचे अडते, तेव्हा घरच्यांनीच "एका वर्षाने काय बिघडते?" असे म्हटले, तर आमच्या शिकवण्याला काही अर्थ उरत नाही. तिला आजीजवळ ठेवून तिघांनी जाणे हाही मार्ग मला पटत नाही, कारण मग ही सर्वांची सहल राहत नाही. नाताळ सोडावा, असे माझे स्पष्ट मत आहे. लोकांच्या बोलण्याची मात्र फारशी पर्वा करू नये. नाताळगीतांच्या फेरीला यजमान नसले, तर लोक दोन इमारती बोलतील आणि तिसऱ्या इमारतीत कलकल आणि नेवऱ्या या नाताळच्या फराळाची ताटे आली की विसरतील.

दुसरा मुद्दा मुलाचा. प्रवासात असताना रविवारची मिस्सा आपल्याच चर्चमध्ये व्हावी, असा नियम नाही. कॅथलिक चर्चच्या कॅनन कायद्यानुसार रविवारी किंवा आदल्या संध्याकाळी, कोणत्याही ठिकाणी कॅथलिक विधीनुसार होणाऱ्या मिस्सेत सहभागी झाले की कर्तव्य पूर्ण होते. म्हणजे शनिवारी संध्याकाळी मिस्सा मिळाली, तर रविवारची सकाळ मोकळी राहते. मात्र त्यासाठी शनिवार-रविवार लहान बेटावर न काढता पोर्ट ब्लेअरला येतील अशी आखणी करावी लागेल. (२०२४ पासून त्या शहराचे नाव श्री विजयपुरम झाले आहे, तरी तिकिटांच्या संकेतस्थळांवर जुने नावही शोधून पाहावे.) पोर्ट ब्लेअर हा १९८४ पासून स्वतंत्र धर्मप्रांत, म्हणजे बिशपांच्या अखत्यारीतला विभाग, आहे आणि तिथले कॅथेड्रल, म्हणजे मुख्य चर्च, 'स्टेला मारिस', म्हणजे समुद्रतारका मरिया, या नावाचे आहे. मिस्सेच्या वेळा आणि भाषा धर्मग्रामाच्या कार्यालयात फोन करून विचाराव्यात. प्रवासामुळे खरोखरच अडचण होणार असेल, तर आपल्या प्रमुख धर्मगुरूंशी आधी बोलावे. योग्य कारण असल्यास सूट देण्याचा अधिकार त्यांना आहे आणि मुलानेच जाऊन विचारले, तर अधिक बरे.

सासूबाईंना हेही सांगावे की तिथली मिस्सा अगदीच परकी वाटणार नाही. १९१८ च्या सुमारास जंगलतोडीच्या कामासाठी छोटानागपूर (आजच्या झारखंडच्या) भागातून उरांव, मुंडा, खडिया अशा आदिवासी मजुरांना अंदमानात नेण्यात आले. तिथे त्यांना सरसकट 'रांची' म्हणतात आणि त्यांच्यापैकी बरेच जण ख्रिस्ती आहेत. गाव सोडून कामासाठी आलेल्या माणसांनी उभे केलेले धर्मग्राम कसे असतात, हे ठाण्यातल्या माणसाला वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

उत्तर : ऐरोलीहून

मी प्रोटेस्टंट मंडळीतला आहे, त्यामुळे मिस्सेच्या नियमांविषयी बोलण्याचा मला अधिकार नाही. आमच्या तरुण संघाची मुले समुद्रकिनारी नेण्याचे काम मात्र माझ्याकडे असते, म्हणून दोन गोष्टी लिहितो.

पहिली गोष्ट सुरक्षिततेची, आणि तिच्याबाबत मी थोडा कडक आहे. या वयाच्या मुलांना पोहता येते, म्हणूनच धोका अधिक असतो. तरणतलावात पन्नास मीटर पोहणारा मुलगा समुद्राला जुमानत नाही. किनाऱ्याकडून आत खेचणारा प्रवाह लागला, तर त्याच्याशी झुंजत सरळ किनाऱ्याकडे पोहू नये. किनाऱ्याला समांतर पोहत प्रवाहाच्या बाहेर पडावे आणि मग वळावे. दम लागला तर नुसते तरंगत राहून हात वर करावा. हे निघण्यापूर्वी तोंडपाठ करून घ्यावे. अंदमानच्या काही किनाऱ्यांवर खाऱ्या पाण्यातल्या मगरींविषयी इशाऱ्याचे फलक असतात. ते पर्यटकांना गंमत म्हणून लावलेले नसतात. फलक असेल तिथे, विशेषतः खाडीच्या आणि खारफुटीच्या जवळ, घोटाभर पाण्यातही उतरू नये. तसेच शंख किंवा प्रवाळाचे तुकडे पिशवीत टाकू नयेत, मेलेले असले तरीही. प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे आणि विमानतळावर सामानाची तपासणी होते.

दुसरी गोष्ट अशी की, मुलीच्या समवयस्क एखाद्या मैत्रिणीचे कुटुंब बरोबर येत असेल, तर जरूर न्यावे. सतरा वर्षांच्या मुलीला आई-वडील आणि धाकटा भाऊ एवढीच सोबत असेल, तर तिसऱ्या दिवशी ती फोनमध्ये शिरते. (अंदमानात इंटरनेट चालत नाही, या जुन्या समजुतीवर विसंबू नये. २०२० मध्ये चेन्नईहून समुद्राखालची केबल तिथे पोहोचली आहे.) गायनमंडळातलेच एखादे घर असेल, तर "सगळे सरावाला आणि मी इथे," ही रुखरुखही राहत नाही.

आणि एवढ्या लांब जाणे शेवटी जमलेच नाही, तर अलिबागच्या पुढे रेवदंड्याच्या खाडीपलीकडे असलेले कोर्लई विसरू नका. पोर्तुगीजांनी १७४० मध्ये हा भाग सोडला, पण तिथल्या ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीजवर आधारलेली बोली आजही घराघरांत बोलली जाते. किल्ल्याच्या डोंगरावर चढले की एका बाजूला खाडी आणि दुसऱ्या बाजूला समुद्र दिसतो. गावात चर्च आहे आणि मासळीचे जेवण आहे. वसईच्या आजींना तिथे गप्पा मारायला माणसे नक्की मिळतील. फक्त जवळच्या काशीदला मुलांना पाण्यात मोकळे सोडू नये, तो किनारा दिसायला जितका सुंदर तितकाच फसवा आहे.

घोडबंदरची आई

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल रात्री जेवताना हे सर्व मुलांना वाचून दाखवले. नाताळ रद्द, यावर एकमत झाले. मुलीने तर गायनमंडळाच्या गटावर लगेच कळवूनही टाकले.

आता एप्रिलचा विचार करता २०२७ मध्ये ईस्टर २८ मार्चला येतो, म्हणजे पवित्र सप्ताह आणि ईस्टरची गाणी तोवर आटोपलेली असतील. दोघांच्या परीक्षा एप्रिलमध्ये संपतात. दहावीचे क्लासवाले एप्रिलअखेरीसच वर्ग सुरू करतात, तिथे आठवडाभर उशिरा येण्याची परवानगी मागावी लागेल. (चर्चकडून परवानगी मिळवणे त्यामानाने सोपे वाटते.) मेमध्ये मात्र वसईला घरातच लग्न आहे आणि रोज संध्याकाळी समूहात रोझरीची प्रार्थना असते, त्यामुळे मेच्या पहिल्या रविवारपूर्वी परतावे लागेल. यजमानांनी रजेचे पाहतो म्हटले आहे.

मुलाने शनिवार संध्याकाळच्या मिस्सेचा प्रस्ताव मान्य केला आहे, पण फादरांना विचारायला स्वतः जाण्याची त्याची तयारी नाही. शेवटचे एक विचारते. सासूबाईंचे गुडघे दुखतात आणि बोट लागण्याचीही त्यांना भीती आहे. त्यांनी बेटावर यावे, की पोर्ट ब्लेअरलाच थांबावे?

वाशीकर

त्यांना जरूर न्यावे. खासगी जलद बोटीने स्वराज द्वीपला पोहोचायला साधारण दीड ते दोन तास लागतात, बसायला वातानुकूलित कक्ष असतो आणि चढता-उतरताना कर्मचारी हात देतात. तिकीट काढताना सकाळची फेरी घ्यावी आणि शक्यतो खालच्या मजल्यावरच्या मधल्या-मागच्या जागा मागाव्यात, तिथे हेलकावे कमी जाणवतात. बोट लागू नये म्हणून गोळी घ्यायची झाल्यास निघण्यापूर्वी अर्धा-पाऊण तास घ्यावी लागते, पण त्यांना रक्तदाबाची किंवा इतर औषधे चालू असतील, तर आपल्या डॉक्टरांना विचारूनच. नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीपवर, म्हणजे जुन्या रॉस बेटावर, ब्रिटिशांच्या काळातल्या चर्चचे अवशेष आहेत आणि ते पाहण्याची त्यांना इच्छा होईल. तो रस्ता चढाचा असला तरी धक्क्याजवळून बॅटरीवर चालणारी गाडी मिळते. तिथे उतरल्याबरोबर गाडीसाठी रांगेत उभे राहण्याचे काम मुलावर सोपवावे, कारण गाड्या थोड्या असतात.