मदत हवी आहे : देव अंतरी वसतो, तर नीतिमत्त्वात वाढताना माझा वाटा कोणता?

बायबलमधील फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायातील 12 आणि 13 ही वचने एकत्र वाचताना मी अडलो आहे. पहिले वचन आपले तारण, म्हणजे पापापासून सुटका, भीत व कापत साधून घ्यायला सांगते आणि लगेच पुढचे म्हणते, की इच्छा व कृती दोन्ही आपल्या ठायी देवच घडवतो.

विश्वासाने नीतिमान गणले जाणे, जे रोमकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात आहे, त्याविषयी मला शंका नाही. म्हणून तारण देवाच्या कृपेने की आपल्या कर्मांनी, हा वाद इथे नको. माझा प्रश्न त्यानंतरच्या वाढीचा आहे. राग आणि कटुता सोडण्यासाठी मी आधी कडक नियम पाळले. काही दिवस जमले की मन गर्वाने फुगे आणि चुकलो की खचून जाई. मग सारे पवित्र आत्म्यावर सोपवून स्वस्थ राहिलो, तर प्रार्थनाही सुटू लागली, आणि हे मला अधिक धोक्याचे वाटले. योहानाच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायातील द्राक्षवेल (ख्रिस्त) व फाटे (आपण) यांवर रोज मनन करतो; फाटा स्वतःहून फळ देत नाही हे पटते, तरी गलतीकरांस पत्रात ‘आत्म्याच्या प्रेरणेने चाला’ अशी आज्ञाही आहेच.

मंडळीच्या पाळकांनी धीर धरायला सांगितले आहे, आणि तो मी धरतो आहे. केवळ ‘अधिक प्रार्थना करा’ असे न सांगता, शक्यतो शास्त्रवचन आणि स्वानुभव यांच्या आधारे लिहावे ही विनंती : राग उसळतो त्या नेमक्या क्षणी, अंतरी वसणाऱ्या ख्रिस्तावर विसंबणे म्हणजे आपण प्रत्यक्षात काय करता?